आपण घास मोजतो, खेळ कोण मोजतं?

अबोली

आमच्या परळच्या बिल्डिंगमध्ये दीड ते पाच वर्षांची बरीच मुलं आहेत आणि आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे रोजचा विषय एकच, खाणं. कोणी किती घास खाल्ले, डब्यातलं काय परत आलं, वजन का वाढत नाही, भूक लागायचं टॉनिक कुठलं चांगलं. माहिती आम्हा सगळ्यांना भरपूर आहे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वर्षाच्या आत मध नाही, मीठ-साखर नाही, नाचणी चांगली, मैदा नको, हे कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण "काल तुझं मूल किती वेळ पळलं?" असं विचारलं की सगळ्या गप्प.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी. एक-दोन वर्षांच्यांनीही १८० मिनिटं. जी बाळं अजून रांगत-चालत नाहीत त्यांनी जागेपणी पोटावर, दिवसभरात मिळून अर्धा तास तरी. स्क्रीन दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही, त्यानंतर जास्तीत जास्त तासभर. आमच्या ग्रुपवर हे आकडे कुणी ऐकलेले नव्हते, आणि त्यात बाळाच्या प्रत्येक लशीची तारीख तोंडपाठ असणाऱ्या आया आहेत.

मला खटकतं ते हे की आहार आणि व्यायाम यांचे आपण दोन वेगळे कप्पे केलेत. आहार रोजचा. व्यायाम म्हणजे पुढे कधीतरी लावायचा क्लास. प्रत्यक्षात मूल दिवसभर घरात बसलेलं असतं म्हणून जेवायच्या वेळी त्याला भूक नसते. भूक नसते म्हणून आपण मोबाइल लावून भरवतो. मोबाइल लावला की ते आणखी तासभर बसतं. जेवणावरून होणारी रडारड बऱ्याच घरांत न झालेल्या खेळातून येते, असं माझं ठाम मत झालं आहे.

मुंबईत हे कसं जमवता ते लिहा. जागा, पाऊस, नोकरी, पाळणाघर, आजी-आजोबा, सगळं धरून. "वेळ काढला की होतं" असं मात्र कृपया नको.

केळफूल

चांगला धागा. १८० मिनिटं वाचून कुणी घाबरून जाऊ नका, ती सलग नाहीत आणि त्यात सगळं धरतात. जिने चढणं, घरभर गाडी ढकलणं, आंघोळीच्या आधी पलंगाभोवती पळापळी, भाजी आणायला चालत जाणं. आपण काय करतो, तर मूल चालायला लागलं तरी लिफ्टमध्ये कडेवर, रस्त्यावर बाबागाडीत, शाळेला रिक्षात. बालवाडी दहा मिनिटांवर असेल तर जाता-येता चालवत न्यावं. फुटपाथची दशा बघता हात घट्ट धरावा लागतो, तरीही.

रानवारा

बाप आहे, म्हणून आधी एक विनंती. या विषयावर जिथे तिथे "आईने काय करावं" असंच लिहिलेलं असतं. आमच्याकडे संध्याकाळचं खेळणं माझ्याकडे आहे, कारण माझी ड्यूटी सकाळची असते. आम्ही दादरला, शिवाजी पार्क जवळ, हे आमचं भाग्य. संध्याकाळी तिथे गेलं की एका बाजूला क्रिकेटची नेट, कट्ट्यावर आजोबा मंडळी, मध्ये धुळीत लोळणारी चिल्लीपिल्ली. मुलीला मी काही शिकवत नाही. ती पळते, पडते, माती उडवते, दुसऱ्याचा बॉल पळवते. घरी येऊन हातपाय धुतले की "बाबा, जेवायला" असं स्वतः म्हणते. अबोली, तुमच्या म्हणण्याला माझं पूर्ण अनुमोदन.

तिथेच श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, १९२५ पासूनचं. मल्लखांब करणारी मुलं बघायला तिला अधूनमधून नेतो. अजून लहान आहे, पण घरी येऊन दाराच्या चौकटीला लटकायचा प्रयत्न करते!

शेवंती

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मध्य मुंबईत दवाखाना आहे. माझ्याकडे येणाऱ्या एक ते पाच वयाच्या मुलांच्या आयांची सगळ्यात मोठी तक्रार "काहीच खात नाही" हीच असते. जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. त्यानंतर वेग एकदम मंदावतो. दोन ते पाच या वयात वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतात आणि उंची सहा-सात सेंटिमीटर. वाढ मंदावली की भूकही कमी होते, हे निसर्गाचंच गणित आहे. आईला मात्र पहिल्या वर्षाचं बाळसं आठवत असतं. मूल उंच होतं, गाल बसतात, फासळ्या जरा दिसायला लागतात आणि घरात सगळ्यांना वाटतं, वाळलं. अशा वेळी शेजारच्या मुलाकडे बघू नका, मुलाच्याच तक्त्याकडे बघा. लसीकरणाच्या कार्डात वजनाच्या वक्ररेषा छापलेल्या असतात. मूल आपल्या रेषेच्या आसपास वर जात असेल आणि हुंदडत असेल तर ते पुरेसं खातंय. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली तर मात्र तडक डॉक्टरांकडे या, टॉनिकच्या नादाला लागू नका.

दुसरं, दूध. "जेवत नाही पण दूध मस्त पितं" हे मला रोज ऐकू येतं. दिवसाला लिटरभर दूध पोटात गेलेलं मूल जेवणार कुठून? वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध भरपूर झालं, तेही शक्यतो कपातून, बाटलीतून नाही. दुधात लोह नगण्य असतं, आणि जास्त दुधामुळे जेवणातलं लोहही नीट शोषलं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के भारतीय मुलं रक्तक्षयी निघाली. महाराष्ट्रात जवळपास ६९ टक्के. ही फक्त गरीब घरांतली मुलं नाहीत. माझ्याकडे मोठ्या टॉवरमधून येणारी गुबगुबीत मुलंही हिमोग्लोबिन नऊ घेऊन येतात. रक्त कमी असलं की मूल चिडचिडं होतं, लवकर दमतं, खेळत नाही, आणि भूकही मरते. म्हणजे अबोलीताई म्हणतात ते चक्र कधी कधी दुसऱ्या टोकाकडूनही सुरू झालेलं असतं.

निशिगंध

@शेवंती, दुधाचं वाचून आमच्या घरातली दोन भांडणं मिटतील. मनापासून आभार.

तुळस

मुलींनो, मी आजी आहे. गिरगावात चाळीत मुलं वाढवली, आता मुलाकडे गोरेगावला नातवाला सांभाळते. चाळीत मूल किती पळालं हे मोजावं लागत नव्हतं. सामायिक गॅलरी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर पावलं वाजायची. घरं उघडी, एका घरी आंबोळी, दुसऱ्या घरी पोहे. इथे एकविसाव्या मजल्यावर दार बंद करून मी आणि तो. खाली पोडियमवर बाग आहे, पण माझे गुडघे आणि त्याचं पळणं यांचा मेळ बसत नाही. तो निसटून गाड्यांच्या रॅम्पकडे धावला तर, ही धास्ती. म्हणून टीव्ही लागतो. आजी लाड करते म्हणून नाही, आजीला पळवत नाही म्हणून. हे कुठेतरी लिहिलं जावं असं मला फार वाटत होतं.

नाचणीचं मात्र आमच्याकडून शिका. बाजारचं गोड पाकीट घेऊ नका. नाचणी निवडून धुवायची, रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यात बांधून मोड आणायचे. मोड बारीक पांढरे दिसले की पंख्याखाली सावलीत पसरायची, खडखडीत वाळली की मंद आचेवर हलकी भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. तांबूस, हाताला रेशमी लागणारं पीठ उरतं. दोन चमचे पाण्यात कालवून सतत ढवळत शिजवायचं, चकाकी आली की झालं. वर तूप. मोठ्या मुलाला ताकातलं आंबील.

शेवंती

तुळसकाकू, मोड आणण्याने नाचणीतली फायटेट, म्हणजे लोह-कॅल्शियम शोषू न देणारी द्रव्यं, कमी होतात आणि लोह-कॅल्शियम जास्त अंगी लागतं, म्हणजे तुमची रीत अगदी शास्त्राला धरून आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ-गव्हाच्या कितीतरी पट. फक्त मूल नऊ-दहा महिन्यांचं झालं की सगळंच वस्त्रगाळ नको. मऊ भात हाताने कुस्करलेला, भाजीचे मऊ तुकडे, असं थोडं चावायला लागणारं सुरू करा. दोन वर्षांची मुलं मिक्सरमधून काढलेलं खाताना बघते तेव्हा वाईट वाटतं.

गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे.

कदंब

मी पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. वरचं सगळं वाचलं. माझ्या मुलांचं उलटं आहे. ती पळतात. दिवसभर गल्लीत असतात, पायात चप्पल असो नसो. त्यांना १८० मिनिटं सांगायची गरज नाही. त्यांच्या ताटात काय नाही ते बघायला हवं.

सकाळी आई घरकामाला जाते. मुलाच्या पोटात चहा आणि चपाती, नाहीतर चहा-खारी. दहा वाजता रडायला लागलं की हातात पाच रुपयाचं पाकीट. दुपारी डाळ-भात, त्यात डाळ पातळ. आईला कळत नाही असं नाही. मी विचारते तेव्हा अंडं, पालेभाजी, डाळ, सगळं बरोबर सांगते. पण घरात दोन अंडी असली तर ती कमावणाऱ्याच्या ताटात जातात, आणि पाच रुपयाचं पाकीट लहान पोर स्वतः दुकानातून आणू शकतं, अंडं मात्र कुणीतरी उकडून द्यावं लागतं. शेवंतीताईंनी लिहिलेल्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो असं आलं होतं. मला त्या आकड्याचं नवल वाटलं नाही.

आम्ही बैठकीत आता एकच गोष्ट लावून धरतो, मुलाला चहा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या सूचनांमध्ये मोठ्यांनाही जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळायला सांगितलं आहे, कारण चहामुळे लोह शोषलं जात नाही. चहाच्या जागी काय, तर रात्रीचाच भात दूध किंवा ताक घालून, किंवा चपातीला शेंगदाण्याचं बारीक कूट आणि गूळ. वरणात लिंबू पिळा म्हणते, लिंबाने लोह अंगी लागतं आणि ते घरात असतं. मोठ्या वस्तू सांगितल्या की आया मान हलवतात आणि घरी जातात. लिंबू सांगितलं की पिळतात.

अबोली

कदंबताई, तुमच्या प्रतिसादासाठी हा धागा काढल्याचं सार्थक झालं. परळमध्ये रस्त्याच्या एका बाजूला आमचं टॉवर आणि दुसऱ्या बाजूला बैठ्या चाळी आहेत. आमच्या मुलांकडे ताट आहे आणि पळायला जागा नाही, समोरच्यांकडे गल्ली आहे आणि ताट अपुरं. त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ३.४ टक्के जास्त वजनाची आहेत. दुसरा आकडा लहान वाटतो, पण आधीच्या फेरीत तो २.१ होता.

लोहाच्या सिरपबद्दल लिहाल का? आमच्यात कुणी देत नाही.

कदंब

सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिली, आशाताई किंवा आरोग्य केंद्रातून फुकट मिळतं. जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, ती चुरून. आयांना भीती वाटते कारण सिरपने शी काळी होते. ते लोहामुळे होतं, त्यात धोका नाही. दातावर डाग पडू नये म्हणून जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं आणि वर पाणी द्यायचं.

शेवंती

अगदी बरोबर. भर एवढीच घालते की दुधासोबत देऊ नका, ताप असताना थांबा, आणि थॅलेसेमिया असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

बकुळ

माशांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आम्ही माहीमचे. ओला बोंबील मधला काटा काढून वाफवला की वर्षाच्या बाळालाही हाताने कुस्करून देता येतो, लोण्यासारखा होतो. मांदेली, बांगडा थोड्या मोठ्या मुलांना, काटे बोटांनी चाचपून. मुशी, म्हणजे शार्क, मात्र लहानांना देऊ नका, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो. सुक्या मासळीत मीठ फार, ती कधीतरीच.

निशिगंध

मोबाइलबद्दल लिहिते, कारण ग्रुपवर कोणी उघड बोलत नाही. आमच्या मुलाला पाळणाघरात मोबाइल लावून भरवायचे. एकदा लवकर पोचले तेव्हा समोर बसून बघितलं. डोळे पडद्यावर खिळलेले, पापणी हलत नव्हती. चमचा ओठाला लागला की तोंड उघडायचं. वरण आहे की खीर, त्याला पत्ता नव्हता. वाटी संपली, पण ते जेवण नव्हतं. पोट भरल्याचं त्याला स्वतःला कळायची सोयच आपण काढून घेतो, हे मला तिथे दिसलं.

पाळणाघरवाल्या काकूंशी भांडले नाही. त्यांच्याकडे आठ मुलं आणि हात दोन. मी म्हटलं, त्याच्यासमोर ताट ठेवा, सांडू दे, उरलं तर उरू दे, मी विचारणार नाही किती खाल्लं. त्या खरोखर हलक्या झाल्या. "वाटी संपली का" हा आमचाच तगादा होता आणि मोबाइल त्याचं उत्तर होतं. सुरुवातीला तो फारच कमी खायचा, संध्याकाळी घरी येऊन भुकेला असायचा, तेव्हा चांगलं जेवायचा. आता दुपारी हाताने वरणभात खातो, अर्धा टेबलावर.

जेवणाची वेळ, जागा आणि पदार्थ आपण ठरवायचं. किती खायचं ते त्याचं त्याने. मला यापेक्षा उपयोगी सल्ला मिळालेला नाही. नवी भाजी दहा-दहा वेळा ताटात यावी लागते, तोवर नुसती राहू द्यावी, आग्रह नको.

माहीमकर

पावसाळ्याचं काय? जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, बागेत डास. आमचं घर वन रूम किचन. काय काय चालतं ते लिहितो, बाकीच्यांनी भर घाला.

जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेषा मारल्यात, एकेक पाऊल सोडून. त्यावर लंगडी, बेडूकउड्या, उलटं चालणं. पट्टी निघते, लादीला काही होत नाही. विषामृत जागच्या जागी खेळता येतं. "शिवाजी म्हणतो" सगळ्यात भारी, कारण हुकूम आपल्या हातात असतात. शिवाजी म्हणतो उड्या मारा, शिवाजी म्हणतो खाली बसा, वर उठा. दहा मिनिटांत मूल घामाघूम. गादीची घडी घालणं, कपड्यांची बादली ओढत नेणं, उश्या एका खोलीतून दुसरीकडे पोचवणं. ही कामं त्यांना आवडतात आणि त्यात जोर लागतो. खालच्या मजल्यावर आवाज जातो, म्हणून काकांना आधी जाऊन सांगितलं, सात ते साडेसात. ते तयार झाले.

उघडीप मिळाली की राणीची बाग, बुधवार सोडून, त्या दिवशी बंद असते. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद.

केळफूल

मधाचा विषय सुरुवातीला आला, तर विचारते. साखरेऐवजी गूळ, खजूर, मध चालतं ना? आणि डब्यातल्या ज्यूसचं काय?

शेवंती

मध वर्षाच्या आत कधीच नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. चाटणात नाही, बाळगुटीतही नाही. गूळही शेवटी साखरच आहे, सणाला लाडू-पुरणपोळी खाऊ दे, पण रोजच्या दुधात, खिरीत, लापशीत दोन वर्षांपर्यंत वरून गोड काही घालू नका. खजूर फळ म्हणून बी काढून बारीक चिरून द्यावा. ज्यूस दोन वर्षांखाली नको, दोन ते पाचमध्ये दिलाच तर दिवसाला जास्तीत जास्त १२५ मिली. फळ हातात द्या.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींवरही मला रोज प्रश्न येतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या वर्गातून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही. पाकिटाच्या मागे साखर किती ते वाचा, पुढचं चित्र नाही. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांखाली डब्यात देऊ नका, घशात अडकतात.

निशिगंध

शेवटी माझा खरा प्रश्न. मी आणि नवरा दोघंही साडेसातनंतर घरी पोचतो. मुलगा सातपर्यंत पाळणाघरात. त्याचं खेळणं बसवायचं कुठे?

रानवारा

सकाळी. आमच्या शेजाऱ्यांचं असंच आहे. ते मुलाला साडेआठलाच झोपवायला लागले, म्हणून ते सहाला उठतं. त्याला घेऊन एक जण खाली अर्धा तास, दुसरा डबे भरतो. आठवड्यानी अदलाबदल.

अबोली

निशिगंध, साडेसातला घरी येऊन साडेआठला झोप म्हणजे जेवण पाळणाघरातून निघण्याआधी किंवा घरी आल्या आल्या, हे आधी ठरवावं लागेल. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. मुंबईत मुलं अकराला झोपतात आणि सातला ओढून उठवली जातात, मग सकाळ रडण्यात जाते.

आणि पाळणाघरवाल्या काकूंना विचार, चार ते सहामध्ये मुलांना खाली नेणारं कोणी मिळेल का. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही पाच घरांनी मिळून कॉलेजमध्ये शिकणारी एक मुलगी ठेवली आहे. ती शिकवत काही नाही, तासभर सगळ्यांना घेऊन खाली खेळते. पैसे पाच घरांत वाटले जातात. तुळसकाकू, तुमच्या सोसायटीतही असं होऊ शकेल. तुम्ही बाकावर बसा, पळायचं काम तिचं.

तुळस

सुनेला आजच दाखवते. आमच्या विंगमध्येच बारावी झालेली एक मुलगी आहे, कबड्डी खेळते. तिच्या आईशी बोलून बघते.